सावजीसाठी नागपुरात बसून जेवायची बैठक थाटावी की नुसतं पार्सल किचन?

धरमपेठेत दर्शनी जागा घेतली की भाडं, डिपॉझिट, वाढपी, भांडी घासणारी बाई हे सगळं गिऱ्हाईक येवो न येवो, चालूच राहतं. मानेवाड्याच्या गल्लीतलं पार्सल किचन दोन भट्ट्या आणि तीन माणसांत उभं राहतं. पण खर्च तिथे वाचत नाही, फक्त जागा बदलतो.

समजा 200 रुपयांची थाळी घरपोच जेवणाच्या ॲपवर गेली आणि कमिशन 25 टक्के ठरलं. 50 रुपये गेले. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 9, डबे-पिशवीचे 12. हातात 129. कच्चा माल 70 धरा, उरलेल्या 59 मध्ये गॅस, मजुरी, भाडं. तो 9 रुपयांचा कर परत मिळत नाही, कारण 5 टक्के जीएसटीच्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, नसतं. नवखे हमखास इथेच चुकतात.

दुसरा घात रश्शाचा. तर्रीचं तेल डब्याच्या काठाला लागलं की झाकण धरत नाही आणि पिशवी लाल होते. 500 मिलीच्या डब्यात 400 मिलीच भरा, काठ कोरड्या फडक्याने पुसा, मगच झाकण दाबा. पोळी वाफ जिरल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळावी. गरमागरम फॉइलमध्ये कोंबली की ओली होते. बैठकीत हा प्रश्नच नाही, शिवाय रस्सा पुन्हा वाढता येतो आणि सावजीचं खरं गिऱ्हाईक त्यासाठीच येतं.

आमच्या मते आधी सहा टेबलं आणि शेजारी पार्सलची वेगळी खिडकी. ॲप नंतर, वेगळ्या दराने.