एचसीजीची ५००० युनिटची व्हायल: घ्यावी की २००० चीच बरी?

मेडिकलमध्ये ‘शुक्राणू वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून एचसीजी हे हार्मोन मागणारे बरेच असतात, आणि त्यातल्या अनेकांना त्याचा काहीच उपयोग नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स पुरेशी येत नाहीत म्हणून वृषण थंडावले असतील, तर या औषधाला तोड नाही. ते एलएचचं काम करतं आणि वृषणातच टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला लागतं. पण रिपोर्टमध्ये एफएसएच आधीच चढलेलं असेल, तर बिघाड बहुधा वृषणातच असतो आणि पैसे वाया जाणार. म्हणून सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (हेही पिट्युटरीचंच हार्मोन) आणि दोन वेळा वीर्यतपासणी, एवढं हातात आल्याशिवाय व्हायल घेऊच नका.

नेहमीचा डोस १५०० ते २००० युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा, पोटाच्या कातडीखाली. ५००० ची व्हायल हिशेबाने स्वस्त पडते, पण त्यातली पावडर विरघळवायला सोबत दिलेल्या अँप्यूलमध्ये नुसतं सलाइन (जंतुरोधक न घातलेलं) असेल तर उरलेलं औषध फ्रीजमध्येही ठेवून वापरायचं नसतं, टाकायचं. मग २००० चीच परवडते.

गोंधळ होतो तो सिरिंजमध्ये. ५००० युनिट १ मिलीत कालवले, तर १५०० म्हणजे ०.३ मिली. नारिंगी टोपणाच्या यू-१०० इन्सुलिन सिरिंजवर ती ३०वी रेघ. लाल टोपणाच्या यू-४० वर मात्र १२वी! तिथे ३० पर्यंत ओढलंत तर थेट ३७५० युनिट शरीरात जातात. सलाइन व्हायलच्या कडेने हळू सोडा आणि व्हायल तळहातांत फिरवा. खळाखळा हलवू नका, फेस येतो आणि माप चुकतं.

टेस्टोस्टेरॉन काही आठवड्यांत वर येतं, शुक्राणूंना वेळ लागतो. एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास जातात. तीन ते सहा महिन्यांत वीर्यात काही दिसलं नाही, तर डॉक्टर एफएसएच ७५ ते १५० युनिट, आठवड्यातून तीनदा जोडतात. खरा खर्च तिथे सुरू होतो, आणि एकूण उपचार वर्ष-दोन वर्षंही चालतो. छाती दुखायला किंवा फुगायला लागली तर एस्ट्राडायॉल हे स्त्री-हार्मोन तपासा. बहुतेक वेळा डोस कमी करून भागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि या काळात जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात नको. त्याने पिट्युटरी बंद पडते आणि वीर्यातले शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.