जॉन केल की फ्रँक झापा : आधी कोणाचे आत्मचरित्र वाचावे?

प्रयोगशील रॉक संगीताकडे नुकत्याच वळलेल्या वाचकाने वेल्समध्ये जन्मलेले संगीतकार जॉन केल यांचे ‘व्हॉट्स वेल्श फॉर झेन’ (१९९९) आधी वाचावे आणि अमेरिकी गिटारवादक-संगीतकार फ्रँक झापा यांचे ‘द रिअल फ्रँक झापा बुक’ (१९८९) त्यांचे काही अल्बम ऐकून झाल्यावर हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण केल यांच्या आयुष्यक्रमातच आहे. वेल्सच्या कोळसा खाणींच्या परिसरातील गार्नंट गावात १९४२ साली जन्मलेला आणि लहानपणी केवळ वेल्श भाषा बोलणारा हा मुलगा व्हायोला हे व्हायोलिनसारखे वाद्य शिकतो, शिष्यवृत्तीवर १९६३ मध्ये अमेरिकेत जातो, त्याच वर्षी प्रयोगशील संगीतकार जॉन केज यांनी न्यूयॉर्कमध्ये आयोजित केलेल्या, फ्रेंच संगीतकार एरिक साती यांची एक छोटी रचना ८४० वेळा वाजवण्याच्या अठरा तासांहून अधिक चाललेल्या मैफलीत पियानोवर बसतो आणि प्रयोगशील संगीतकार ला माँट यंग यांच्या सोबतीने एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याची साधना करतो. तोच लांबवलेला स्वर पुढे गायक-गीतकार लू रीड यांच्या गीतांखाली आला आणि ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ या त्यांच्या रॉक बँडचा नाद घडला. अभिजात संगीतातील प्रयोग रॉकमध्ये कसा उतरला, हे एका माणसाच्या आयुष्यातून इतके थेट क्वचितच समजते. रीड यांच्याशी बिनसून १९६८ मध्ये बँड सोडावा लागल्याची कहाणी त्यात अर्थातच आहे. मला मात्र शिकण्याच्या वर्षांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. चित्रकार डेव्ह मॅककीन यांनी चित्रांसह केलेली मांडणी हा या पुस्तकाचा अविभाज्य भाग असल्याने ते छापील प्रतीतच वाचावे.

झापा यांना कथनापेक्षा प्रतिपादनाची ओढ अधिक आहे. प्रयोगशील संगीतकार एडगार व्हारेझ यांच्या संगीताने भारावलेल्या त्यांच्या किशोरवयाची पाने सुंदर आहेत. परंतु लवकरच पुस्तक ऑर्केस्ट्राचा खर्च, संगीत व्यवसाय आणि राजकारण यांवरील ठाम मतांकडे वळते. गीतांच्या आशयावरून १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे झालेल्या सुनावणीतील त्यांचे निवेदन येथे वाचायला मिळते, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नात ज्याला मुख्यतः रस आहे, त्याने माझा क्रम खुशाल उलटा करावा.

दोन्ही पुस्तके सहलेखकांच्या मदतीने सिद्ध झाली आहेत. तरी झापा यांच्या पुस्तकात बोलणाऱ्याचा आवाज अधिक स्वच्छ ऐकू येतो. १९९३ मधील मृत्यूपूर्वीची त्यांची आजारपणाची वर्षे मात्र त्यात नाहीत.