डिक्शनरी ॲपची ‘वेलीइटी’ने घेतलेली परीक्षा

मी भाषांतरं करते. वर्षभर एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप पैसे भरून वापरतेय. नाव सांगत नाही, कारण तक्रार करणार आहे. रोजच्या शब्दांना ठीक आहे, नेट नसतानाही चालतं, शब्दाचं मूळही देतं. पण मागच्या महिन्यात एका इंग्रजी गोष्टीत ‘वेलीइटी’ (velleity) हा शब्द आला आणि ॲपचं पितळ उघडं पडलं.

स्क्रीनवर अर्थ एकच: ‘इच्छा’. मी विश्वास ठेवला. ‘त्याची भावाला पत्र लिहिण्याची इच्छा होती’ असं लिहून पुढे गेले. तीन पानं झाली तरी हा माणूस पेन उचलेना, तेव्हा शंका आली. मग कपाटातला जाडजूड कोश काढला. वेलीइटी म्हणजे इच्छाच, पण इतकी अशक्त की तिच्यापायी माणूस जागचा हलत नाही. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तिला इच्छेची सगळ्यात खालची पायरी म्हटलंय, जवळजवळ नसल्यात जमा.

मूळ लॅटिन ‘वेल्ले’, म्हणजे इच्छिणं. हे ॲपने बरोबर दिलंय. गंमत अशी की ‘व्हॉलिशन’ (volition) हा शब्दही त्याच घरातला, फक्त तो स्वतःच्या मर्जीने ठरवणारा. दोघं भाऊ शेजारी उभे केले असते तरी माझं काम झालं असतं. वापराबद्दल तर एक ओळ नाही. इंग्रजीत याच्या आधी बऱ्याचदा ‘मिअर’ येतो, ‘नुसती वेलीइटी’ अशा सुरात. अनेकवचनही होतं. बोलताना सहसा कुणी वापरत नाही, लेखी शब्द आहे. उच्चार ऐकवणारा यांत्रिक आवाज ‘वे’वर जोर देतो, तो हवा ‘ली’वर.

मराठीत याला नाम शोधत बसू नये. आपल्याकडे क्रियापदातच सोय आहे. लिहायचं ठरवलं ते वेगळं, लिहावंसं वाटलं ते वेगळं. त्या ‘वंसं’मध्ये अख्खी वेलीइटी मावते. माझं वाक्य शेवटी असं झालं: ‘भावाला पत्र लिहावंसं त्याला अधूनमधून वाटे.’ संपादकांनी हात लावला नाही.

पाचपैकी तीन तारे. चूक कळवायला ॲपमध्ये बटण आहे, दोन ओळींचा फॉर्म. तीन आठवडे झाले, भरावासा वाटतोय.