नाव १०५० टीआयचं, आत चिप भलतीच

ट्रेन सिम्युलेटर खेळणाऱ्याच्या गळ्यात बनावट ग्राफिक्स कार्ड मारणं सोपं असतं, कारण हे गेम चांगल्या कार्डावरही अडखळतात. ट्रेन सिम्युलेटर क्लासिकचा बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो. मोठं स्टेशन आलं, आजूबाजूला एआय गाड्या दिसल्या, की फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजेच एफपीएस) कोसळलाच. मला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून कार्ड विकणाऱ्याने हेच ऐकवलं: "कार्ड एकदम ओके आहे, गेमच तसा आहे. प्रोसेसर बदला."

अर्धं खरं होतं, म्हणूनच पटण्यासारखं होतं. पण मोकळ्या माळावरून एकच गाडी धावतानाही चित्र अडकायचं, आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (कार्डावरची मुख्य चिप) सतत शंभर टक्क्यांना टेकलेला. प्रोसेसर कमी पडत असता तर कार्डाला उसंत मिळाली असती. बाकी काही न बदलता रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं, तर एफपीएस लगेच वाढले. दोष प्रोसेसरचा असता तर आकडा जवळपास जागचा हलला नसता.

मग कार्डाची माहिती वाचून दाखवणारं जीपीयू-झेड चालवलं. कार्डाच्या नावासोबत चक्क 'फेक' लिहून आलं! (२०१८ पासून हे सॉफ्टवेअर अशी सोंगं ओळखतं.) आत होती २०१० सालच्या जीटीएस ४५० ची चिप, बायॉस (कार्डात साठवलेला, त्याची ओळख सांगणारा प्रोग्रॅम) बदलून नव्या नावाने खपवलेली. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग), हिच्यात १९२. मेमरी ४ जीबी दाखवायची, प्रत्यक्षात १ जीबी. म्हणून जड रूट (गेममधला रेल्वेमार्ग) लोड झाला की ड्रायव्हर क्रॅश.

खुणा आधीपासून होत्या म्हणा. कार्डाला व्हीजीए हा जुना अ‍ॅनालॉग पोर्ट होता, आणि खऱ्या १०५० टीआयमधल्या पास्कल पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. शिवाय "सीडीतलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका" अशी बजावणी. अधिकृत ड्रायव्हर टाकला असता तर बिंग फुटलं असतं ना!

स्क्रीनशॉट पाठवल्यावर भाषा बदलली. कार्ड ठेवून घ्या, अर्धे पैसे परत देतो, फक्त रेटिंग चांगलं द्या. मी नकार दिला, पूर्ण परताव्याची तक्रार टाकली आणि पैसे मिळवले.

रिझोल्यूशनची चाचणी आणि जीपीयू-झेड, दोन्ही कार्ड बसवल्या दिवशीच उरका. "नवा ड्रायव्हर पाठवतो, थोडं थांबा" असं म्हणत विक्रेता परतीची मुदत उलटायची वाट बघत असतो.