बोलणारं बटण – सीव्हीआय असलेल्या लेकरासाठी घेतलं, वापरून सांगते

आमच्या लेकराला सीव्हीआय आहे, म्हणजे डोळे चांगले, पडदा चांगला, पण जन्मल्या जन्मल्या साखर लई खाली गेली अन मेंदूतला बघायचा भाग दुखावला. बोलत पण नाही. लातूरच्या थेरपीवाल्या मॅडम म्हणल्या चित्रांचा तक्ता राहू द्या, तसल्या गिचमिडीत त्याला काहीच सुधरत नाही, आवाज भरायचं बटण बघा, दाबलं की भरलेलं वाक्य बोलतं. मग ऑनलाइन हा चार रंगांचा सेट मागवला.

आवाज माझा नाही भरला, जावेच्या पोराचा भरला, "पाणी दे". दोघं एकाच वयाचे, लेकराचं बोलणं लेकराच्याच आवाजात पाहिजे ना.

बटण मांडीवर ठेवलं तर उपयोग नाही, सीव्हीआयच्या बऱ्याच लेकरांना खालच्या बाजूचं दिसत नाही. म्हणून पाट भिंतीला तिरपा टेकवला, त्यावर काळी घोंगडी अन तिच्यावर एकच पिवळं बटण. बटणाखालच्या वेल्क्रोची खरखरीत बाजू घोंगडीला अशी धरून बसते की ओढून काढावी लागते! शेजारी त्याचा पिवळा प्लास्टिकचा गिलास, स्टीलचा नको, चमकतो.

मग एकदा विचारायचं अन गप बसायचं, टीव्ही बंद, मिक्सर बंद. हे आमच्या सासूबाईंना काही जमंना, "दाब ना राजा, दाब ना" चालूच, अन लेकरू ऐकायला लागलं की त्याचं बघणं थांबतं. हात बटणावर जाताना मान दुसरीकडं वळवतं, पाहुणे म्हणतात लक्षच नाही याचं, अहो बघणं अन हात चालवणं दोन्ही एकदम झेपत नाही त्याला. आता जेवताना "बास"चं लाल बटण स्वतःहून दाबायलंय, तेही वरणभात अर्धा ताटात असताना, काय बोलणार.

तक्रारी पण आहेत. बटण वरून चकाकतं, ट्यूबलाइटचा उजेड पडला की लेकरू त्या चकाकीकडंच बघत बसतं, म्हणून उजेड त्याच्या पाठीमागून येईल असं बसवा. सेल वेगळे घ्यावे लागतात. अन रेकॉर्डची कळ इतकी उघडी आहे की धाकटीनं दाबली अन "पाणी दे"च्या जागी कुकरची शिट्टी भरून ठेवली. चिकटपट्टी मारा त्यावर. चार स्टार, एक त्या कळीचा कापला.