डायबेसेल: डुकराच्या पेशी, शेवाळाचे कवच

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीचा पिता या नात्याने मी न्यूझीलंडच्या लिव्हिंग सेल टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या 'डायबेसेल' उपचाराचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचले असून हे परीक्षण त्यांवरच आधारलेले आहे; आमच्या घरात हा उपचार कोणी घेतलेला नाही.

डुकराच्या नवजात पिल्लांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म कवचात बंद करून, चाचण्यांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते रुग्णाच्या पोटाच्या पोकळीत सोडले गेले. या कवचातून साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन यांची ये-जा होते, मात्र रोगप्रतिकारक पेशींना आत शिरता येत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागत नाहीत. माझ्या दृष्टीने या उपचाराचे सर्वांत मोठे मोल यातच आहे. पेशी देणारी डुकरे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील ऑकलंड बेटांवर दीर्घकाळ एकाकी वाढलेल्या जातीची असल्याने बहुतेक रोगजंतूंपासून मुक्त आहेत. त्यांच्या जनुकांतच दडलेल्या विषाणूची माणसाला लागण होण्याची शंका वेगळी आणि रास्त होती. चाचण्यांतील रुग्णांत मात्र त्याचा संसर्ग आढळला नाही.

परिणामांबाबत मात्र आशा आवरती घ्यावी लागते. १९९६ मध्ये पेशी बसवलेल्या एका रुग्णाचे रोजचे ५३ युनिट इन्सुलिन बाराव्या आठवड्यापर्यंत ३० टक्क्यांनी घटले, पण एकोणपन्नासाव्या आठवड्यात ते पुन्हा पूर्वीइतके झाले. आणि तरीही साडेनऊ वर्षांनी पोटात पाहिले असता काही पेशी जिवंत होत्या, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. अर्जेंटिनात दोनदा पेशी दिलेल्या आठ रुग्णांपैकी अधिक मात्रा मिळालेल्या चौघांचे सरासरी एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा अंदाज देणारे मोजमाप, ६०० हून अधिक दिवस सात टक्क्यांखाली राहिले. साखर उतरत असल्याची जाणीवच न होण्याचे प्रसंगही कमी झाले, आणि मध्यरात्री उठून झोपलेल्या मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब काढणाऱ्या घरांना या एका ओळीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून सुया बंद करणारा इलाज म्हणून याची शिफारस मी करणार नाही, परंतु साखर उतरण्याची चाहूल न लागणाऱ्या रुग्णांसाठी मोठ्या, तुलनात्मक चाचण्या व्हाव्यात असे मला मनापासून वाटते.