54 चा सॉकेट, स्टॉपर आणि पुलर: माझदाच्या रोटरीवर सात महिने

जूनमध्ये ही तिन्ही अवजारं घेतली तेव्हा एकच काम समोर होतं. माझी 1989 ची माझदा आरएक्स-7 जिथे उभी राहील तिथे बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाखाली, बशीएवढा तेलाचा डाग पडायचा. मागचं ऑइल सील गेलं होतं. सील काही महाग नसतं, पण ते बसतं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चकतीच्या मागे, आणि फ्लायव्हील काढायचं म्हणजे 54 मिलिमीटरच्या त्या एका नटाशी गाठ. ऑकलंडला जपानहून आलेल्या जुन्या रोटरी गाड्या भरपूर, त्यामुळे सल्ले देणारेही भरपूर. प्रत्येकाचा पहिला सल्ला एकच, "घण मोठा घे."

ज्यांनी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिस्टन इंजिनात फ्लायव्हील सहा-आठ बोल्टांवर असतं. इथे 654 सीसीचे दोन रोटर ज्या एक्सेन्ट्रिक शाफ्टवर फिरतात, त्याचं मागचं टोक निमुळतं असतं. त्या टेपरवर (निमुळत्या भागावर) फ्लायव्हील चढवायचं, जागा धरायला खाचेत बसणारा लोखंडाचा छोटा तुकडा म्हणजे चावी, आणि वरून एकच नट. तो आवळायचा 40 ते 50 किलोग्रॅम-मीटरला, म्हणजे 390 ते 490 न्यूटन-मीटरच्या आसपास. गाडीच्या चाकाचा नट साधारण शंभरला बसतो. चावी फक्त नेम धरते, इंजिनाचा सगळा जोर टेपरची पकड वाहते. त्यामुळे नट सुटला म्हणजे काम झालं असं नाही, निम्मं झालं; टेपरवरून फ्लायव्हील पुलरनं ओढून काढायचं बाकीच असतं.

आता सॉकेट. आधी मी शहाणपणा केला आणि फोर बाय फोरच्या पुढच्या हबसाठी मिळतो तो पातळ, नळीसारखा 54 चा सॉकेट स्वस्तात आणला. माप तंतोतंत तेच. पहिल्याच जोराला त्याचे कोपरे फाकले आणि तो नटावरून घसरला. माझी दोन बोटं गिअरबॉक्सच्या बोगद्याच्या कडेला घासली, ते वेगळंच. मग हा जाड भिंतीचा, पाऊण इंची ड्राइव्हचा (बार बसतो ते चौकोनी भोक) इम्पॅक्ट सॉकेट घेतला. सात महिन्यांत तीन इंजिनं झाली, आतले कोपरे अजून धारदार आहेत. काळा मुलामा मात्र गेला आणि इथल्या दमट हवेत गंज धरतो, म्हणून तेलाचं फडकं मारून ठेवतो. अर्धा इंची ड्राइव्हच्या वाटेला जाऊ नका, बार धनुष्यासारखा वाकतो आणि नट हसत बसतो.

स्टॉपर म्हणजे दाते कापलेली लोखंडी पट्टी. बेलहाउसिंगच्या भोकात बोल्टनं बसवायची, दाते रिंग गिअरमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दात्यांत, अडकतात. साधी वस्तू, पण तिच्यामुळे एकट्याला काम करता आलं. नटाला गॅसच्या टॉर्चनं पाच मिनिटं शेक दिला, कारण जुना लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा डिंक) उष्णतेशिवाय मऊ पडत नाही. सील तसंही बदलायचंच होतं, त्यामुळे जळेल याची चिंता नव्हती. मग बारला सव्वा मीटरचा पाइप लावला आणि टोकाशी सगळा भार टाकला. माझं वजन 72 किलो, म्हणजे हिशेबानं साडेआठशे न्यूटन-मीटरच्या वर. 'टक्' असा आवाज आला. मला वाटलं बार तुटला. नट सुटला होता.

नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे ढिला करून तिथेच ठेवायचा. हे मला माहीत होतं, पण का ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पुलरचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर दाबतो आणि बाजूचे बोल्ट फ्लायव्हीलवरच्या, क्लचची प्रेशर प्लेट जिथे बसते त्या भोकांत बसतात. शाफ्टच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं पायलट बेअरिंग असतं, त्यावर स्क्रू टेकवला तर गेलंच ते. पाकिटात मधे ठेवायची चकती नव्हती, मी जाड पट्टीतून कापून घेतली. सोबत आलेल्या बोल्टांपैकी एक तर लोण्यासारखा ताणला गेला. त्याचे आटे लांबट झालेले बघून माझा धीरच सुटला. बाजारातून 10.9 ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत, आणले. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आजतागायत नाही.

संध्याकाळपर्यंत पुलर ताणला, फ्लायव्हील ढिम्म. वैतागून कोल्हापूरला फोन लावला. आबांनी शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेका, टेपर हाय न्हवं? मग नुसतं वडून कसं यील? ताण दे, आनि ताणावर असताना ठोका दे. आनि शाफ्टावर मारू नगंस." शाफ्टवर मारलं तर धक्का थेट पुढच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, आणि रोटरीत शाफ्टचं एंड प्ले, म्हणजे पुढेमागे हलायची मोकळीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात.

पुलर रात्रभर ताणावर ठेवला. सकाळी स्क्रू आणखी पाव फेरा आवळला आणि फ्लायव्हीलच्या तोंडावर, रिंग गिअरपासून आत, एक ठोका दिला. लवंगी फुटावी तसा आवाज झाला आणि अख्खं धूड उसळून नटावर आदळलं. नट काढून ठेवला असता तर ते माझ्या पायावर आलं असतं.

बसवताना टेपर ब्रेक क्लीनरनं कोरडा केला. ग्रीस अजिबात नाही, पकड कोरड्या धातूचीच हवी. नटाच्या बैठकीला सीलंट, कारण चावीच्या खाचेतूनही तेल पाझरतं. मोठा टॉर्क रेंच नव्हता, तेव्हा बायकोच्या व्यायामाच्या चकत्या कामी आल्या. बार आडवा ठेवून नटापासून बरोबर एक मीटरवर 45 किलो टांगले की 440 न्यूटन-मीटर, बारचं स्वतःचं वजन धरून 460 च्या आसपास. बायकोनं ते दृश्य पाहिलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

हलकं फ्लायव्हील का नाही टाकलं, असं सगळे विचारतात. मॅन्युअल गाडीच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच मागचं संतुलनाचं वजन ओतलेलं असतं. हलकं घेतलं की ते काउंटरवेट वेगळं घ्यावं लागतं, तेही आपल्या रोटरांच्या वजनाला जुळणारं. रोज कामावर नेणाऱ्या गाडीला एवढा खटाटोप मला झेपला नाही.

पुढची दोन इंजिनं मित्रांची. एकाचं 12ए हे जुनं, लहान रोटरी इंजिन, इम्पॅक्ट गन असल्यामुळे चहा थंड होण्याआधी सुटलं. दुसरी ऑटोमॅटिक आरएक्स-8, तिथे स्टॉपरनं हात टेकले. फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमधली फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) काढली की मागे उरतं ते नुसतं काउंटरवेट, त्याला दातेच नाहीत. अँगलचा तुकडा त्याच्या भोकांना बोल्ट करून अडकवावा लागला. हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही.

सॉकेट मी पुन्हा घेईन, पूर्ण गुण. स्टॉपर चांगला, पण वेल्डिंग येत असेल तर घरीच करा. पुलरला पाचातले अडीच, तेही बोल्ट बदलल्यावर. माझ्या बेलहाउसिंगखाली सहा हजार किलोमीटरनंतर कोरडं आहे. सॉकेट सध्या आरएक्स-8 वाल्याकडे आहे, दोनदा मागून झालाय.